समजून घ्या : धुराची व्हिस्की, वाइनचा पैसा, कोण होते मासाताका ताकेत्सुरू?

आळेफाट्यावरून नाशिकचा रस्ता धरला की पुढे दिंडोरी लागते. द्राक्षं आणि वाइनसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यातून २०२३मध्ये ‘लाँजिट्यूड ७७’ ही सिंगल माल्ट व्हिस्की आली. ती शेवटच्या टप्प्यात वाइनच्या पिंपांत मुरते. धुरकट म्हणजे ‘पीटेड’ माल्ट रेड वाइनच्या पिंपांत मुरवण्याचे प्रयोगही आता होतात. मात्र आशियात अशी धुरकट व्हिस्की रुजवणाऱ्या माणसाला त्याच धुरामुळे मोठा फटका बसला होता.

पीट म्हणजे काय?

दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर म्हणजे पीट. मोड आलेली बार्ली त्याच्या धुरावर वाळवली की धुराचा वास दाण्यात उतरतो आणि पुढे व्हिस्कीतही टिकतो. रेड वाइनचं पिंप तिला लालसर रंग आणि फळांची चव देतं.

साके बनवणाऱ्यांचा मुलगा

ताकेत्सुरू यांचा जन्म १८९४मध्ये हिरोशिमाजवळच्या ताकेहारा गावात झाला. घरचा धंदा साकेचा, म्हणजे तांदळाच्या मद्याचा. ओसाकातल्या कंपनीने त्यांना १९१८मध्ये स्कॉटलंडला पाठवलं. ग्लासगो विद्यापीठात रसायनशास्त्र शिकता शिकता त्यांनी लाँगमॉर्न, हेझलबर्न अशा कारखान्यांत प्रत्यक्ष काम केलं आणि सगळं वहीत टिपून ठेवलं. १९२०मध्ये रीटा कोवन यांच्याशी त्यांनी लग्न केलं. दोन्ही घरांचा विरोध होता. त्याच वर्षी दोघं जपानला आले, पण मंदीमुळे कंपनीने व्हिस्कीचा बेत सोडला होता.

वाइनवाल्याची साथ

शिंजिरो तोरी यांनी १९०७पासून ‘अकादामा’ ही गोड रेड वाइन विकून पैसा कमावला होता. त्यांना व्हिस्की करायची होती. १९२३मध्ये त्यांनी ताकेत्सुरूंना नोकरीवर घेतलं आणि क्योटोजवळ यामाझाकी कारखाना उभा राहिला.

१९२९मध्ये पहिली बाटली ‘शिरोफुदा’ आली आणि आपटली. जपानी ग्राहकाला तिचा धूर सोसेना. तोरींना लोकांना आवडेल अशी सौम्य चव हवी होती, तर ताकेत्सुरूंना स्कॉटलंडसारखीच व्हिस्की हवी होती. ताकेत्सुरूंची रवानगी बिअरच्या कारखान्यात झाली. करार संपल्यावर १९३४मध्ये ते बाहेर पडले.

सफरचंदांनी तारलं

थंड हवा आणि पीट असलेल्या होक्काइडो बेटावर, योइचीत त्यांनी स्वतःची कंपनी काढली. व्हिस्की मुरायला वर्षं लागतात, तोवर पैसा कुठून आणायचा? त्यांनी स्थानिक सफरचंदांचा रस विकला. १९४०मध्ये पहिली व्हिस्की आली. कंपनीच्या मूळ नावातल्या ‘निप्पोन’ आणि ‘काजू’, म्हणजे फळांचा रस, या शब्दांवरून तिचं नाव ‘निक्का’ पडलं.

पुढे काय झालं?

रीटा १९६१मध्ये गेल्या, ताकेत्सुरू १९७९मध्ये. २००१मध्ये ‘व्हिस्की मॅगझिन’च्या स्पर्धेत योइचीची १० वर्षांची सिंगल माल्ट सर्वोत्तम ठरली. योइचीत आजही भट्टीखाली कोळसाच जळतो. तोरींच्या यामाझाकीतल्या व्हिस्कीतही आता बोर्दोच्या वाइनची पिंपं वापरली जातात.

बाजाराने एकदा नाकारलेला धूर ताकेत्सुरूंनी सोडला नाही. तो खपेपर्यंत तग धरण्याची सोय मात्र त्यांनी फळांतून केली.