लिंक लपवली म्हणजे फाइल सुरक्षित झाली का? केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच दिलेलं उत्तर

समजा, एका साइटवर तुम्ही मार्कशीट अपलोड केलीत. ती सर्व्हरच्या एका फोल्डरमध्ये पडून आहे, लॉगिन लागत नाही, फक्त लिंक कुणाला माहीत नाही. मग फाइल सेफ आहे ना? अजिबात नाही! आणि हे सांगणारा माणूस कॉम्प्युटरच्या आधीच्या काळातला होता.

भाषेचा प्राध्यापक

ऑगस्त केर्कहॉफ्स यांचा जन्म १८३५ साली नेदरलँड्समध्ये झाला. ते लिएज विद्यापीठात शिकले, मग फ्रान्समध्ये भाषा शिकवू लागले आणि पुढे पॅरिसमध्ये जर्मनचे प्राध्यापक झाले. १८८३ मध्ये त्यांनी एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात गुप्तलेखनावर दोन लेख लिहिले. तेव्हा सैन्याचे निरोप तारेने जायचे. सांकेतिक पद्धत हजारो लोकांना माहीत असणार, म्हणजे कधीतरी ती शत्रूला कळणारच.

म्हणून त्यांनी सहा नियम मांडले. त्यातला दुसरा सर्वांत गाजला: पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडता कामा नये. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली, आणि ती सहज बदलता यायला हवी.

नंतर ते व्होलाप्युक या कृत्रिम जागतिक भाषेच्या प्रचारात रमले, तिच्या अकादमीचे प्रमुखही झाले. पण भाषेत सुधारणा करण्यावरून तिचे निर्माते श्लायर यांच्याशी मतभेद झाले आणि १८९१ मध्ये ते बाजूला झाले. १९०३ मध्ये त्यांचं निधन झालं. व्होलाप्युक मागे पडली, नियम मात्र टिकला.

आजच्या सर्व्हरवर

फाइलचा पत्ता म्हणजे पद्धत. तो ब्राउझर हिस्ट्रीत राहतो, लॉगमध्ये जातो, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होतो. म्हणून नीट बनवलेल्या साइटवर फाइलची मागणी आधी ॲपच्या बॅकएंडकडे जाते. बॅकएंड लॉगिन तपासतो आणि ही फाइल याच माणसाची आहे का तेही बघतो. उत्तर हो असेल तर तो एन्जिनएक्स सर्व्हरला ‘एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट’ हेडरमधून फाइल कुठे आहे ते कळवतो, आणि फाइल सर्व्हर पाठवतो. तो फोल्डर ‘इंटर्नल’ ठरवलेला असल्याने बाहेरून थेट पत्ता टाकला तर ४०४ येतो.

म्हणजे पत्ता जगाला कळला तरी फरक पडत नाही. सोपी टेस्ट करून बघा: तुमच्या फाइलची लिंक इन्कॉग्निटोमध्ये, लॉगिन न करता उघडा. फाइल उघडली, तर केर्कहॉफ्स यांचा नियम तिथे पाळलेला नाही!