गिरणगावातला ॲनिमिया आणि ल्यूसी विल्स

गर्भवतीची नोंदणी झाली की पुण्यातल्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात तिच्या हाती लाल गोळ्या पडतात. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. यातल्या दुसऱ्या घटकाचा पहिला माग मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत लागला. तो काढला डॉ. ल्यूसी विल्स यांनी.

विल्स यांचा जन्म १८८८ सालचा, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. पहिल्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेत शुश्रूषेचे काम केल्यावर त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १९२० मध्ये लंडनला डॉक्टर झाल्या. पण दवाखाना थाटण्यापेक्षा त्यांना प्रयोगशाळेची ओढ जास्त होती.

१९२८ साली त्या मुंबईत आल्या. इथे बाळंतपणात बायका का दगावतात, याची चौकशी सुरू होती. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवतींमध्ये एक जीवघेणा ॲनिमिया दिसत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, पण असतील त्या आकाराने मोठ्या. अगदी असेच रक्त पर्निशस ॲनिमियातही दिसते आणि त्यावर यकृत लागू पडते, हे १९२६ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले होते. त्यासाठी रुग्णाला रोज पाव किलोच्या आसपास यकृत खावे लागे. पुढे यकृताचा अर्क निघाला, मग त्याची इंजेक्शनेही आली. औषध होते, पण महाग. चाळीतल्या बाईला ते कुठून मिळणार?

विल्स यांनी तिच्या ताटाकडे पाहिले. पॉलिश केलेला तांदूळ, भाजी-फळे नावापुरती, प्रथिने त्याहून कमी. तसाच आहार उंदरांना दिला, पण त्यांच्या अंगावरच्या उवांमधून आलेल्या जंतूंनी सगळा घोळ घातला. मग माकडांवर प्रयोग झाले. अशा आहाराने ॲनिमिया झालेली माकडे मार्माइटने सुधारली. मार्माइट म्हणजे दारूभट्टीत उरलेल्या यिस्टचा खारट, काळपट अर्क. इंग्लंडमध्ये तो पावाला लावून खातात! रुग्ण बायकांना तो दिल्यावर त्यांचेही रक्त भरून येऊ लागले. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. महागड्या यकृताला स्वस्त पर्याय सापडला होता.

पुढचा शोध जास्त चकवणारा होता. यकृताचा अर्क शुद्ध करत नेला, तर तो पर्निशस ॲनिमियावर उत्तम चाले. विल्स यांच्या रुग्णांना मात्र त्याने गुण येत नसे. कच्च्या अर्काने येई. म्हणजे शुद्धीकरणात काहीतरी निघून जात होते आणि ते यिस्टमध्ये होते. त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा झाला आणि फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. १९४५ मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूने तो कृत्रिमरीत्या बनवला. शुद्ध अर्कात उरत होते ते बी-१२. ते हाती यायला १९४८ साल उजाडले.

हा फरक आजही कामाचा आहे. बी-१२ चे इंजेक्शन मिळाले नाही म्हणून नुसत्या फॉलिक ॲसिडवर भागवले, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालू राहते. अशा वेळी बी-१२ च्याच मोठ्या मात्रेच्या गोळ्या बऱ्याच रुग्णांना चालतात; पण ते डॉक्टरांना विचारूनच.

विल्स १९४७ मध्ये निवृत्त झाल्या, तरी जमैका, फिजी असा पोषणाचा अभ्यास करत फिरत राहिल्या. चेल्सीत त्या मजूर पक्षाच्या नगरसेविकाही होत्या. लग्न केले नाही. १९६४ साली त्यांचे निधन झाले. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतले तर बाळाच्या मेंदू-मणक्यातले जन्मजात दोष बऱ्याच अंशी टळतात, हे मोठ्या चाचणीतून सिद्ध व्हायला त्यानंतर २७ वर्षे लागली.