न टोचलेल्यांचीही मोजदाद ठेवणारा संशोधक : वाल्डेमार हाफकिन

मुंबई : परळच्या जुन्या राजभवनाच्या वास्तूत असलेल्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. ज्यांचे नाव तिला मिळाले, ते वाल्डेमार हाफकिन मात्र वैद्यकाचे पदवीधर नव्हते. ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. पटकी आणि प्लेग यांवर त्यांनी लशी तयार केल्या, हे शाळेत शिकवले जाते. त्या लशी खरोखर उपयोगी पडतात की नाही, हे ठरवण्यासाठी त्यांनी भारतात केलेली खटपट तितकीशी परिचित नाही. वैद्यकीय संशोधनाचा विद्यार्थी आज जीवसांख्यिकीचे जे पहिले धडे गिरवतो, त्यांतील बरेचसे प्रश्न हाफकिन यांच्यासमोर कलकत्त्याच्या वस्त्यांत आणि मुंबईच्या तुरुंगात उभे राहिले होते.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात इल्या मेचनिकोव्ह यांच्या हाताखाली ते शिकले. ज्यूंवरील हल्ल्यांच्या काळात स्वसंरक्षणासाठी एकत्र आलेल्या तरुणांत ते होते आणि त्यापायी त्यांनी तुरुंगही पाहिला. पुढे जिनिव्हा आणि तेथून पॅरिस. पाश्चर संस्थेत त्यांना प्रथम ग्रंथालयातील साहाय्यकाचे काम मिळाले. त्याच संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती स्वतःच्या शरीरात टोचून घेतली.

ते धाडस निःसंशय मोठे होते. पण त्यावरून लस निदान घातक नाही एवढेच दिसले. ती रोग टाळते का, याचे उत्तर एका माणसाच्या शरीरातून मिळत नाही. त्यासाठी जेथे रोग आहे तेथे जाणे भाग होते. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

पहिल्या सुमारे अडीच वर्षांत त्यांनी उत्तर भारतात हिंडून ४० हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. संख्या डोळे दिपवणारी होती, पण तिचा अर्थ लावणे कठीण होते. टोचून घेतलेला सैनिक दुसऱ्या छावणीत जाई, मजूर गावी परते. ज्यांना पटकी झाली नाही, त्यांना ती लशीमुळे झाली नाही की त्या वर्षी त्यांच्या गावात साथच फिरकली नाही? केवळ टोचलेल्यांची गणती करून हे कळणे शक्य नव्हते.

कलकत्त्याचे आरोग्याधिकारी सिम्पसन यांच्या सहकार्याने या अडचणीतून वाट निघाली. १८९४ च्या मार्चअखेरीस काट्टाल बागान या वस्तीत पटकीने माणसे दगावली. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतरचे रुग्ण न टोचलेल्यांतच निघाले. पुढे हीच रीत शहरभर वापरली गेली. ज्या घरात पटकी शिरली, त्याच घरातील टोचलेल्या आणि न टोचलेल्या माणसांची तुलना करायची. पाणी एक, अंगण एक, दारिद्र्यही एकच. अशा ७७ घरांत न टोचलेले ६५४ जण होते. त्यांपैकी ७१ दगावले. टोचलेल्या ४०२ जणांपैकी १२ दगावले. मृत्यूंचे नुसते आकडे येथे पुरेसे नाहीत. प्रत्येकाखाली छेद हवा. तो घातला की शंभरात जवळपास ११ आणि शंभरात ३ असे दर हाती येतात आणि मगच तुलना करता येते.

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. सरकारच्या बोलावण्यावरून आलेल्या हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत तीन महिन्यांच्या आत लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी स्वतः टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा निम्म्याहून थोडे कमी कैदी टोचून घेण्यास पुढे आले. कैद्यांची ये-जा असल्याने सरासरी संख्या धरण्यात आली. न टोचलेल्या १७२ जणांत १२ रुग्ण निघाले व ६ मृत्यू झाले. टोचलेल्या १४७ जणांत २ रुग्ण निघाले, मृत्यू एकही नाही.

आजचा संशोधक येथे दोन प्रश्न विचारील. हे सहा मृत्यू निव्वळ योगायोगाने वाटले गेले असते, तर सहाही न टोचलेल्यांच्याच वाट्याला येण्याची शक्यता किती? हिशेब केला तर ती सुमारे ४० मध्ये १ भरते. योगायोग अशक्य ठरत नाही, पण त्यावर भिस्त ठेवणेही अवघड होते. दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. जे आपण होऊन पुढे आले, ते मुळातच अधिक धडधाकट तर नव्हते? टोचण्याच्या दिवशीच ज्यांच्यात रोग दिसला, त्यांना हिशेबातून वगळले होते. लशीला काम करण्यास वेळच मिळाला नव्हता, हे कारण रास्त होते. तरीही कोणाला वगळायचे याचा नियम आधी ठरला नसेल, तर अशा वगळण्यातून निष्कर्ष हवा तसा वाकवता येतो.

सक्ती करून ही शंका मिटवण्याचा मार्ग हाफकिन यांना मान्य नव्हता. त्याच वर्षी पुण्यात प्लेग प्रतिबंधाच्या नावाखाली सैनिकांनी केलेल्या घरझडत्यांनी लोक संतापले होते आणि जूनमध्ये रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. लोकांच्या मर्जीशिवाय टोचायचे नाही आणि तुलना तर निर्दोष हवी, असा हा पेच होता.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंधेरा गावी त्यांनी त्यातल्या त्यात उत्तम उत्तर शोधले. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना टोचायचे आणि वय, स्त्री-पुरुष, प्रकृती या बाबतींत दोन्ही बाजू शक्य तितक्या सारख्या राखायच्या. प्लेग पिसवांमार्फत पसरतो, हे तेव्हा सर्वमान्य झाले नव्हते. पण एकाच छपराखालची माणसे निवडल्याने घरातील उंदीर आणि पिसवा दोन्ही गटांना आपोआप समान झाल्या. सुमारे सहा आठवड्यांनी घरोघर चौकशी झाली. प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांत न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ दगावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. निवड हाफकिन यांच्या हातून झाली, चिठ्ठ्या टाकून नव्हे, ही उणीव राहिलीच. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने लशीचा उपयोग मान्य केला. मात्र ठिकठिकाणच्या आकडेवारीच्या काटेकोरपणाविषयी आक्षेप नोंदवले. आयोगाचे ते आक्षेप बव्हंशी योग्यच होते, असे म्हणावे लागते.

१८९९ मध्ये परळच्या वास्तूत प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तीन वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९०२ रोजी, पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. खापर प्रयोगशाळेवर फुटले, कारण लस निर्जंतुक करण्याची पद्धत तेथे बदलण्यात आली होती. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले.

लशीमुळे जे वाचले, त्यांची नावे कोणालाच सांगता येत नव्हती. ते केवळ दोन दरांमधील फरकात होते. मुलकोवालच्या १९ जणांना मात्र नावे होती, घरे होती. त्या घरांचा आक्रोश कोणत्याही तक्त्याने कमी होणारा नव्हता आणि चौकशी व्हायलाच हवी होती. परंतु त्या चौकशीतील सर्वांत बोलका पुरावाही तुलनेचाच होता. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या गेल्या आणि दगावलेले सर्व १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. उरलेल्या ८८ जणांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडल्याची नोंद होती. दोष गावात घडलेल्या दूषणाकडे बोट दाखवत होता. तरीही ही गोष्ट मान्य होण्यास जवळपास पाच वर्षे लागली. रोनाल्ड रॉस यांनी लंडनमध्ये बाजू लावून धरली, १९०७ मध्ये १० शास्त्रज्ञांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले, तेव्हा त्याच वर्षाअखेरीस सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले.

ते कलकत्त्यास परतले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही आणि माणसांवर चाचण्या घेण्याची मुभाही नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले. १९१५ मध्ये ग्रीनवूड आणि यूल या इंग्रज संशोधकांनी विषमज्वर व पटकी यांवरील लशींच्या आकडेवारीची चिकित्सा प्रसिद्ध केली आणि तुलना केव्हा ग्राह्य धरावी याच्या अटी मांडल्या. दोन्ही गट सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखे असावेत आणि दोघांनाही रोगाचा धोका सारखाच असावा, या त्यांतील प्रमुख अटी होत.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तोवर मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे, वयाच्या ७० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.