फोन येत नव्हते म्हणून चिडलेल्या अंत्यविधीवाल्यानं जगाला ऑटोमॅटिक टेलिफोन एक्सचेंज दिलं

उल्हासनगरच्या जीन्स मार्केटमधला दुकानदार असो, अंबरनाथ एमआयडीसीतला वर्कशॉपवाला असो नाहीतर बदलापुरात फ्लॅट विकणारं ऑफिस असो, धंद्यासाठी इंटरनेटवर चालणारा फोन आता बऱ्याच जणांनी घेतलाय. आणि त्यासोबत एक डोकेदुखीही आलीय. इथून फोन लागतो, बोलणं होतं, सगळं ओके. पण बाहेरून कुणी लावला तर इथं घंटीच वाजत नाही. आता घंटीच वाजली नाही म्हटल्यावर फोन आला होता हे कळणार तरी कसं? गिऱ्हाईक मात्र दुसऱ्याला फोन लावून मोकळं होतं.

ही तक्रार सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आणि ती ज्यानं सगळ्यात जास्त मनावर घेतली, त्या माणसाचं नाव ॲल्मन ब्राउन स्ट्रोजर.

स्ट्रोजरचा जन्म ११ फेब्रुवारी १८३९ चा. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात पेनफिल्ड नावाचं गाव आहे, तिथला. त्याच्या आजोबांनी त्या गावात पहिली गिरणी टाकली होती. आईनं काही काम सांगितलं की ते काम करायच्या ऐवजी ते करणारं यंत्र कसं बनवता येईल, यावर ही भावंडं डोकं लावत बसायची असं सांगतात. पुढं तो मास्तर झाला. अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटल्यावर घोडदळात जाऊन लढला. युद्ध संपल्यावर पुन्हा काही काळ शाळेत शिकवलं आणि मग त्यानं वेगळाच धंदा धरला. लोकांच्या अंत्यविधीची सगळी व्यवस्था करून द्यायची. हा धंदा करत तो शेवटी कॅन्सस सिटीला आला.

त्या काळी फोन लावायची पद्धत अशी होती की आधी एक्सचेंजमधल्या ऑपरेटर बाईला सांगायचं, अमक्याशी जोडून द्या. बाई हातानं वायर खोचणार, मग बोलणं. म्हणजे तुमच्याकडं येणारा प्रत्येक फोन त्या बाईच्या हातातून जाणार.

किस्सा असा सांगतात की, गावात आणखी एक अंत्यविधीवाला होता आणि त्याची बायको एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. लोक स्ट्रोजरला जोडून द्या म्हणायचे आणि ती आपल्या नवऱ्याला जोडून द्यायची. स्ट्रोजरच्या ओळखीतलं कुणी वारलं आणि तो विधीही दुसऱ्याकडं गेला, तेव्हा त्याचं डोकं फिरलं.

पण याच गोष्टीचा दुसराही भाग सांगितला जातो. स्ट्रोजरनं फोन कंपनीकडं तक्रारींचा सपाटा लावल्यावर कंपनीचे लोक तपासायला आले. बघतात तर दुकानावरची पत्र्याची पाटी वाऱ्यानं हलायची आणि फोनच्या तारांना लागायची. पाटी लागली की लाइन शॉर्ट, फोन बंद. म्हणजे दोष बाईचा नव्हता, दुकानावरच्या पाटीचा होता.

यातलं खरं काय याचा पुरावा नाही. ज्याला फोन येत नाही त्याला तो वाटेत नेमका कुठं अडला हे दिसत नाही. मग संशय घ्यायला जो समोर असेल तो सापडतो. स्ट्रोजरला ती बाई सापडली.

बाईची तक्रार करत बसण्यापेक्षा मधला माणूसच काढून टाकायचा, असं त्यानं ठरवलं. शर्टाच्या कॉलरी ठेवायचा गोल डबा घेतला आणि त्यात रांगांनी टाचण्या टोचून नमुना तयार केला. कल्पना सोपी होती. प्रत्येक टाचणी म्हणजे एका गिऱ्हाइकाची लाइन. समजा ४६ नंबर हवाय. फोन करणाऱ्यानं विजेचे चार झटके पाठवले की एक्सचेंजमधला दांडा चार पायऱ्या सरकणार, मग सहा झटके पाठवले की सहा पायऱ्या. तिथं जी टाचणी असेल त्या घरी फोन जोडला जाणार. मध्ये कुणी नाही.

१२ मार्च १८८९ ला त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, १० मार्च १८९१ ला पेटंट मिळालं. पुतण्या वॉल्टर आणि जोसेफ हॅरिस, मोझेस मेयर यांना सोबत घेऊन त्याच वर्षी कंपनी निघाली. ३ नोव्हेंबर १८९२ ला इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात पहिलं एक्सचेंज सुरू झालं. तिथली जुनी फोन कंपनी बेल कंपनीशी पेटंटचा खटला हरून बंद पडली होती, त्यामुळं गाव फोनविना होतं. सुरुवातीला जवळपास ७५ गिऱ्हाइकं होती. फोनला तबकडी नव्हती, बटणं होती. जितका आकडा तितक्या वेळा दाबायचं. बोट घालून फिरवायची तबकडी कंपनीच्या इंजिनिअरांनी १८९६ च्या सुमारास आणली.

आता वाटेल की गडी करोडपती झाला असेल. तर नाही. १८९६ मध्ये त्यानं आपली पेटंट साथीदारांना १,८०० डॉलरला विकली. १८९८ मध्ये कंपनीतला हिस्सा १० हजार डॉलरला दिला. पुढं १९१६ मध्ये बेल कंपनीनं त्याच पेटंटसाठी २५ लाख डॉलर मोजले. स्ट्रोजर तेव्हा हयात नव्हता. २६ मे १९०२ ला फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये तो गेला. त्याच्या थडग्यावरच्या दगडात त्याची ओळख घोडदळातला लेफ्टनंट एवढीच कोरली होती. टेलिफोनवाल्यांनी तिथं त्याच्या नावाची पाटी लावली ती १९४५ मध्ये.

त्याचं एक्सचेंज मात्र जगभर पोचलं. भारतात मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला १८८२ मध्ये फोन आले. पहिलं ऑटोमॅटिक एक्सचेंज १९१३-१४ मध्ये शिमल्याला लागलं, ७०० लाइनचं. स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजनं स्ट्रोजरची यंत्रं इथंच बनवायला घेतली. तबकडीचा काळा फोन फिरवल्यावर जी टकटक व्हायची, ती एक्सचेंजमधला दांडा सरकवणाऱ्या झटक्यांची.

आकड्या-आकड्यानं वाट काढायची ही कल्पना आजही आहे. बाहेरून उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या लँडलाइनला फोन लावायचा तर शून्य म्हणजे बाहेरगावची वाट, २५१ म्हणजे कल्याणचा पट्टा आणि पुढचे आकडे म्हणजे नेमकं ते दुकान.

मग इंटरनेट फोनवर घंटी का वाजत नाही? कारण इथं मध्ये पुन्हा कुणीतरी आलंय. ऑपरेटर बाईच्या जागी सर्व्हर आहे. दुकानातला फोन सर्व्हरला ठरावीक वेळानं सांगत असतो की मी इथं आहे. याला रजिस्ट्रेशन म्हणतात. तुम्ही फोन लावता तेव्हा वाट तुम्हीच उघडता, म्हणून तो लागतो. येणाऱ्या फोनसाठी मात्र तुम्ही कुठं आहात हे सर्व्हरला आधीच माहीत लागतं. वीज जाऊन राउटर पुन्हा चालू झाला किंवा राउटरनं ती वाट मधेच बंद केली, तर सर्व्हरला फोन सापडत नाही.

तपासायचं कसं? मोबाइलवरून दुकानाच्या नंबरला फोन लावायचा आणि लगेच सर्व्हिस देणाऱ्याच्या पॅनलमधली कॉलची नोंद बघायची.

नोंदच नसेल तर फोन सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही, नंबर जोडण्यात गडबड आहे. तक्रार सर्व्हिस देणाऱ्याकडं करायची.

नोंद आहे पण फोन दुसरीकडं वळलाय किंवा ऑफिस बंद असल्याचा मेसेज लागलाय, तर फॉरवर्डिंग आणि कामाच्या वेळेची सेटिंग बघायची.

नोंद आहे पण घंटी वाजली नाही, तर दोष बहुतेक दुकानातच. आधी फोनवर डू नॉट डिस्टर्ब चालू नाही ना ते बघायचं. मग रजिस्ट्रेशन टिकतंय का ते तपासायचं. राउटरमधली सिप एएलजी ही सेटिंग बंद करून बघायची आणि रजिस्ट्रेशनची वेळ कमी करायची.

स्ट्रोजरकडं अशी नोंद असती, तर दोष बाईचा की पाटीचा हे त्याला एका दिवसात कळलं असतं.