प्रा. कावसजी नायगमवाला व दोन मिनिटांचे ग्रहण

आमच्या वालूरच्या विद्यार्थ्यांनी नकाशावर एक रेघ ओढून पाहावी. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर व वऱ्हाडातील तळणी ही दोन गावे जोडली असता ती आपल्या परभणी जिल्ह्यावरून जाते. ता. २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी चंद्राची छाया ह्याच वाटेने धावत गेली. जेऊर येथे तिची वाट पाहणाऱ्यांत पुण्याचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला होते.

ह्यांचा जन्म १८५७ सालचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून एम्. ए. होऊन ते तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांनी वेधशाळेसाठी पाच हजार रुपये दिले. तितकीच भर सरकारने घातली. पुढे दोन वर्षांनी नायगमवाला विलायतेस गेले. प्रकाशाचा वर्णपट पाडून ताऱ्यांचे घटक ओळखण्याचे शास्त्र तेव्हा नवे होते. ह्याच शास्त्राची वेधशाळा उभारण्याचा सल्ला नामांकित ज्योतिषी लॉकियर ह्यांनी दिला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली ती उभी राहिली. तिची वीस इंची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती.

आता पाहा, १८९१ साली ह्याच वेधशाळेतून मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाचे वेध घेऊन, त्यातील मुख्य रेषा लॉकियरसाहेबांच्या मताशी जुळत नाही, असे नायगमवालांनी जाहीर केले. ज्यांच्या सल्ल्याने काम आरंभले त्यांच्याविरुद्ध, दिसले तेच लिहिणे सोपे नसते.

१८९८ च्या ग्रहणात लॉकियर विजयदुर्गास होते व नायगमवाला जेऊरला. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आतबाहेर. तेवढ्यातच सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाची व त्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घ्यावयाची. ढग आला की वर्षांची तयारी वाया! नायगमवालांची छायाचित्रे साधली. १९०२ साली त्यांचा अहवालही निघाला.

परंतु प्रभामंडळातील एका हिरव्या रेषेचे कोडे सुटेना. हे एखादे अज्ञात मूलद्रव्य असावे, असा पुष्कळांचा तर्क होता. १९४० च्या सुमारास उलगडा झाला, की ते तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंडच होय, आणि इतकी झीज व्हावयास दहा लाख अंशांहून अधिक उष्णता लागते. अशा विद्युन्मय वायूस प्लाझ्मा म्हणतात. नायगमवाला १९३८ सालीच वारले होते.

ह्या प्लाझ्मात आता यंत्रच शिरले आहे. २०१८ साली सुटलेले अमेरिकेचे पार्कर यान ता. २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लक्ष किलोमीटरांवर पोहोचले. त्याच्या बाहेर काढलेल्या शलाका तेथील विद्युत्क्षेत्र मोजतात आणि एक पात्र उष्णतेच्या ढालीबाहेर डोकावून कण झेलते. इतकी उष्णता सूर्याच्या पृष्ठभागावर नसून त्याच्या बाहेर का, हाच त्याचा मुख्य प्रश्न.

पुण्याच्या वेधशाळेचे पुढे काय झाले, हे सांगताना आम्हांस वाईट वाटते. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाही मिटली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. मध्ये शंभरांवर वर्षे लोटली. २०२३ साली आदित्य यान सूर्याचे वेध घेण्यास निघाले, तेव्हा त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने सिद्ध केलेली होती.