दुर्बिणींचा ध्यास : जॉर्ज एलरी हेल

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. ताऱ्यांशी माझा संबंध कवितेपुरताच. तरीही जॉर्ज एलरी हेल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाचे जीवन वाचल्यापासून ते माझ्या मनातून जात नाही.

हेल यांचा जन्म १८६८ साली शिकागोत झाला. वडील लिफ्ट बनवीत. मुलाच्या छंदासाठी खर्च करताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. सूर्यप्रकाशातील एकच रंग निवडून त्या रंगात सूर्याचे छायाचित्र घेणारे उपकरण हेल यांनी विद्यार्थिदशेतच योजले. दुर्बीण प्रकाश गोळा करते. त्याचा अर्थ लावते ते तिला जोडलेले उपकरण. अशाच साधनांनी १९०८ साली त्यांनी सूर्यावरील डागांत चुंबकीय क्षेत्र असते हे दाखवून दिले.

परंतु एका दुर्बिणीवर त्यांचे समाधान होत नसे. १८९७ साली यर्कीझ वेधशाळेत ४० इंची भिंगाची दुर्बीण उभी राहिली. भिंगाला आधार फक्त कडेने देता येतो. फार मोठे भिंग स्वतःच्याच वजनाने वाकते. आरशाला मात्र मागूनही आधार मिळतो. म्हणून कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर त्यांनी १९०८ साली ६० इंची व १९१७ साली १०० इंची आरशाची दुर्बीण उभारली. ६० इंची आरशाची काच वडिलांनीच दिली होती. बाकी पैशांसाठी हेल धनिकांची दारे ठोठावीत राहिले. याच १०० इंची दुर्बिणीतून पुढे एडविन हबल यांना देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे कळले.

या धावपळीत हेल यांचे मन थकले. १९२३ साली आजारपणामुळे त्यांनी संचालकपद सोडले. तरीही १९२८ साली रॉकफेलर यांच्या निधीतून त्यांनी २०० इंची दुर्बिणीसाठी ६० लाख डॉलर मिळवले. १९३८ साली ते वारले, तेव्हा तिचा आरसा घासून तयार व्हायचा होता. १९४८ साली पालोमार पर्वतावर तिचे उद्घाटन झाले आणि तिला हेल यांचे नाव देण्यात आले.

पुढे तिच्यावरील छायाचित्रांच्या काचा जाऊन इलेक्ट्रॉनिक साधने आली. हवेमुळे थरथरणारी प्रतिमा क्षणोक्षणी सावरणारा, आकार बदलणारा छोटा आरसाही बसला. मोठा आरसा मात्र तोच राहिला.

देणग्या मागण्यात गेलेली वर्षे हेल यांनी स्वतःच्या संशोधनाला दिली असती तर? हा प्रश्न मला पडतो. कदाचित त्यांच्या नावावर आणखी काही शोध लागले असते. पण मग हबल यांनी कशातून पाहिले असते?