पांडुरंग सदाशिव खानखोजे

पांडुरंग सदाशिव खानखोजे (७ नोव्हेंबर, १८८४ - २२ जानेवारी, १९६७) हे भारतीय क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ होते. गदर पक्षाच्या संस्थापकांपैकी ते एक होत. मक्याचा रानटी गवताशी संकर करून काटक वाण मिळविण्याचे त्यांचे मेक्सिकोतील प्रयोग विशेष उल्लेखनीय आहेत.

जीवन

खानखोजे यांचा जन्म वर्धा येथे झाला. लोकमान्य टिळकांच्या प्रभावाने त्यांनी तरुणपणीच देश सोडला व जपानमार्गे ते अमेरिकेस गेले. सैनिकी शिक्षण हा मूळ हेतू असला, तरी तेथे त्यांनी शेतीशास्त्राचेही उच्च शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात त्यांनी इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढा दिला. मायदेशाची दारे बंद झाल्याने बर्लिन, मॉस्को असा प्रवास करीत १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले.

कृषी संशोधन

चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मेक्सिकोतील तेओसिंते हे रानगवत मक्याचा पूर्वज मानले जाते. त्याच्या कणसात जेमतेम डझनभर दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर दगडासारखे कठीण कवच असते; म्हणून ते खाण्यास निरुपयोगी. मात्र निगा न राखताही ते तग धरते व त्यास अनेक फुटवे आणि कणसे येतात. खानखोजे यांनी त्याचा मक्याशी संकर केला. अशा संकरात कठीण कवचासारखे नकोसे गुणही उतरतात. ते वगळण्यासाठी अनेक पिढ्या निवड करावी लागते. हे चिकाटीचे काम त्यांनी केले. तांबेरा व अवर्षण यांना तोंड देणाऱ्या गव्हाच्या वाणांवरही त्यांनी संशोधन केले.

हे ज्ञान विद्यालयातच राहू नये, म्हणून त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्या मेक्सिको सिटीतील एका भित्तिचित्रात भाकरी मोडून वाटणारी व्यक्ती खानखोजे यांच्यावरून रेखाटलेली आहे.

उत्तरायुष्य

स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिशांच्या काळ्या यादीतील नावामुळे त्यांना व्हिसा प्रथम नाकारण्यात आला. ज्या स्वातंत्र्यासाठी हे नाव यादीत गेले, ते मिळाल्यावरही असे घडावे, हे विपरीतच होय. पुढे परवानगी मिळून ते नागपुरास स्थायिक झाले. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून सुमारे १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले. ते वाण नॉर्मन बोरलॉग यांच्या प्रकल्पातील होते आणि त्या प्रकल्पाचे संशोधन चापिंगोतही चालत असे. पुढील जानेवारीत खानखोजे यांचे नागपूर येथे निधन झाले.